काळ्या गाडीवरची जाळी

काळी गाडी म्हणजे आपल्याकडं विषय हार्ड. पांढरी गाडी सोयीची, सिल्व्हर गाडी मळखाऊ, पण ‘घेतली तर काळीच’ म्हणणारा एक जण साताऱ्यात आणि सांगलीत प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतोच. शोरूमच्या दारात हार, नारळ, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, मग स्टेटसला फोटो. सहा महिन्यांनी तीच गाडी भर उन्हात उभी करा आणि बोनेटमध्ये दिसणाऱ्या सूर्याकडं जरा तिरक्या नजरेनं बघा. त्याच्याभोवती बारीक रेघांची गोल जाळी दिसेल. अगदी कोळ्यानं विणल्यासारखी. हेच ते ‘स्वर्ल मार्क्स’.

कुणी मुद्दाम ओरखडलेलं नसतं. गाडी कुठं घासलेलीही नसते. मग हे येतं कुठून? आणि घालवायचं कसं? ‘रबिंग मारून घे’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. तो मानण्याआधी हे वाचा. कारण या खेळात गाडीच्या रंगाला मोजकीच आयुष्यं मिळालेली असतात.

जाळी गोल का दिसते?

घरातलं स्टीलचं ताट घ्या आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती रेघांची वर्तुळं दिसतील. ताट तर आडवं-उभं कसंही घासलेलं असतं, तरी वर्तुळंच. कारण ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकून आपल्या डोळ्यात येतात. डोकं हलवा, वर्तुळही सोबत सरकेल. म्हणजे ‘गोल पुसल्यामुळं गोल ओरखडे आले’ हे पूर्ण खरं नाही. सरळ पुसलं तरी ओरखडा हा ओरखडाच.

आणि काळ्यावरच का? खरं तर पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो आणि ओरखडे त्या थरावर पडतात. खालचा रंग पांढरा असेल तर ओरखड्यांवरून विखुरलेला प्रकाश त्या पांढऱ्यात मिसळून जातो. काळा रंग प्रकाश गिळतो, मग तेवढ्या रेघाच उठून दिसतात. काळ्या फळ्यावर खडू दिसावा तसं.

आपल्या हवेतलं सँडपेपर

आता आपल्या भागाकडं बघा. पुणे-बेंगळुरू हायवेची धूळ, खडीच्या ट्रकमधून उडणारी बसाल्टची भुकटी, कास-महाबळेश्वरकडची तांबडी माती. आणि गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत सकाळी गाडीवर काजळी पसरलेली असते. उसाच्या चिपाडाच्या या राखेत सिलिका भरपूर असते. सिलिका म्हणजे वाळूतलाच घटक. क्लिअर कोट यापुढं मऊच.

ही धूळ नुसती बसून राहिली तर ओरखडे पडत नाहीत. पप्पा रोज सकाळी प्रेमानं कोरडं फडकं मारतात, तेव्हा पडतात. पिवळं फडकं आणि खाली धूळ म्हणजे घरगुती सँडपेपरच. निवडणुकीत किंवा मिरवणुकीत गाडीवर गुलाल पडतो, तोही तसाच झटकून पुसला जातो. वॉशिंग सेंटरवर एकाच फडक्यानं आधी चाकं आणि मग बोनेट पुसलं, तर ब्रेकची धूळही रंगावर फिरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या, त्यांना वाळलेला गाळ काय असतो ते माहिती आहे. असा गाळ भरपूर पाणी मारून, भिजवून वाहू द्यायचा असतो. हात लावायचा तो नंतर.

केसापेक्षा पातळ

आता मुद्द्याचं. क्लिअर कोटची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे तुमच्या लाखांच्या गाडीचा रंग उन्हापासून वाचवणारा थर केसापेक्षाही पातळ आहे.

ओरखडा ‘भरून’ येत नाही. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा थर तासून त्याच्या तळाच्या पातळीला आणणं. हलक्या पॉलिशनं एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडनं त्याहून जास्त. एकदा नीट केलं तर काही बिघडत नाही. पण दर दसऱ्याला आणि प्रत्येक लग्नाआधी ‘जरा चमकवून घेऊ’ म्हणत रबिंग मारत राहिलात, तर एक दिवस क्लिअर कोट संपतो. मग छतावर, बोनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे निघतात. त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. कंपनीचा मूळ रंग गेला, की जुनी गाडी विकताना घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘ठोकली होती का?’ हप्ते अजून चालू असताना हा प्रश्न ऐकणं चांगलं नाही.

मग घालवायचं कसं?

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, त्याचा नाद सोडा किंवा टचिंग करून घ्या. अडकलं नाही तर पॉलिशनं जाण्यासारखा आहे.

पुढचा क्रम असा : गाडी नीट धुवा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या रंगावरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर रंगाला चिकटलेले कण शिल्लक आहेत. ते ‘क्ले बार’नं, म्हणजे खास चिकणमातीसारख्या वडीनं, भरपूर ओलावा ठेवून काढायचे. मग गाडी सावलीत, पत्रा थंड असताना घ्या. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काळ्या बोनेटवर पॉलिश लगेच वाळतं आणि काम बिघडतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या कडा मास्किंग टेपनं झाका. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनावर करून बघा. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशपासून सुरुवात. जाळी गेली? मग तेवढंच बास. नाही गेली तरच एक पायरी वर जा. औषधाच्या डोससारखं हे आहे, कमीत काम होत असेल तर जास्त घेऊ नये.

मशीनमध्येही फरक असतो. गॅरेजमध्ये दिसणारं नेहमीचं बफिंग मशीन एकाच अक्षावर गरगर फिरतं. ते जोरात कापतं, तापतं आणि कच्च्या हातात गेलं तर रंगावर स्वतःच्याच लाटा सोडतं. त्यांना होलोग्राम म्हणतात. ‘ड्युअल अॅक्शन’ मशीन फिरता फिरता थरथरतंही. ते हळू काम करतं, पण शिकाऊ माणसासाठी सुरक्षित आहे.

हे जुगाड नकोत

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, पण ते दातांसाठी, रंगासाठी नाहीत. डिझेलचं किंवा तेलाचं फडकं मारलं की ओरखडे तात्पुरते झाकले जातात आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच. काही पॉलिशमध्येही असेच भरणारे घटक असतात. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी आरसा, चार धुण्यांनंतर जाळी परत. आणि सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे. त्याचा अर्थ गाडी ओरखडाप्रूफ झाली असा नाही. कोटिंगनं धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण जाळी न काढता कोटिंग केलं तर ती खाली तशीच दिसत राहते.

पुन्हा येऊ नये म्हणून

कोरडं फडकं बंद. आधी नुसतं पाणी, मग शाम्पू. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक मायक्रोफायबर खळबळून घ्यायला. वरून खाली धुवा, चाकांचं फडकं वेगळं. बोअरचं जड पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे डाग काळ्यावर लगेच दिसतात. टॉवेल घासू नका, टिपा. नव्या गाडीवरचं स्वस्तिक खरवडू नका, भिजवून धुवा. आणि पप्पांना थेट ‘पुसू नका’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातात पाण्याचा पाइप द्या.

दुकानात गाडी देण्याआधी विचारा

– रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का?
– आधी छोट्या भागावर करून दाखवणार का?
– मशीन कुठलं वापरता?
– पॉलिशनंतर अल्कोहोलच्या पाण्यानं पुसून, टॉर्च मारून दाखवणार का? भरून झाकलेले ओरखडे तिथंच उघडे पडतात.

इतकं विचारल्यावर समोरचा हसून उत्तरं द्यायला लागला, तर चावी द्या. वैतागला, तर गाडी स्टार्ट करा आणि पुढचं दुकान गाठा.