पिस्तुलात बदल : कुठवर चालतो?

दुकानातून आणलेले पिस्तूल जसेच्या तसे घेऊन स्पर्धेला उतरणारा नेमबाज विरळाच. मूठ हाताला बसेपर्यंत घासली जाते, चापाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवला जातो, नळीखाली तोल साधणारी वजने लागतात. यातले काय चालते हे ठरवणारे नियम काही आकड्यांत लिहिलेले असतात, काही शब्दांत. आकड्यांवरून भांडण क्वचितच होते, कारण काटा आणि पट्टी निकाल देऊन टाकतात. खरी कसोटी शब्दांत लिहिलेल्या नियमांची असते.

ऑलिंपिकमधली नेमबाजी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, नियमांवर चालते. त्यानुसार 10 मीटर एअर पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, चापाचा भार 500 ग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि सगळ्या जोडण्यांसकट पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावावे. 25 मीटर प्रकारातले बंधन अधिक घट्ट आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. इथे वजन 1400 ग्रॅमपर्यंत, चाप किमान 1000 ग्रॅमचा, पेटी 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरची, नळी जास्तीत जास्त 153 मिलिमीटर, आणि पुढची माशी व मागची खाच यांतले अंतर 220 मिलिमीटरच्या आत.

चापाचा भार म्हणजे चाप सुटण्यासाठी बोटाला लावावा लागणारा जोर. तो मोजायची रीत जुनी आणि साधी आहे. टेबलावर ठरावीक वजन ठेवतात, त्याचा आकडा चापाच्या साधारण मध्यावर अडकवतात आणि नळी उभी धरून पिस्तूल वर उचलतात. वजन टेबलापासून सुटले आणि चाप तसाच राहिला, तर पिस्तूल पास. टेबल सुटण्याआधीच ‘टक्’ झाले की नापास. प्रयत्न तीन. एअर पिस्तुलाची चाचणी हवेचा दाब सोडणारी यंत्रणा चालू ठेवूनच घ्यावी लागते. बऱ्याच पिस्तुलांत गोळी न झाडता करायच्या सरावासाठी वेगळी सोय असते आणि त्या अवस्थेतला चाप खऱ्या चापासारखाच असेल, याची खात्री नसते. झटक्याने उचलले तर चापावर क्षणभर जास्त जोर येतो, म्हणून उचलणाऱ्याच्या हातालाही सवय लागते. जाणते नेमबाज चाप बरोबर 500 वर न ठेवता दहा-पंधरा ग्रॅम वरच ठेवतात. तेवढ्या ग्रॅमांनी नेम बिघडत नाही, पण पदक वाचते.

मुठीचे प्रकरण मात्र काट्यावर तोलता येत नाही. एअर पिस्तुलाची लाकडी मूठ बहुतेकदा नेमबाज स्वतःच घडवतो. जिथे पोकळी जाणवते तिथे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा धरून बघायची. महिनोन्‌महिने चालणारे हे काम सुताराच्या चिकाटीने केले जाते. तळहाताच्या कडेला आधार देणारी एक सरकती फळी मुठीच्या तळाशी असते. नियम म्हणतो की ती मुठीशी 90 अंशांपेक्षा कमी कोन करू नये आणि तिची कड वर वळलेली नसावी. अंगठ्याच्या टेकूने अंगठ्याला वर हलायची मोकळीक द्यावी. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालणारा नसावा आणि मनगट उघडे दिसावे.

आता समजा, पुट्टीचा थर चढत गेला आणि फळीची बाहेरची कड दोन मिलिमीटर वर आली. ही घासण्यातली चूक की वर वळलेली कड? शब्दांकडे बघून दोन्ही म्हणता येईल. नियमामागचा हेतू पाहिला की उत्तर सापडते. हाताने पिस्तूल धरावे, पिस्तुलाने हात धरू नये, हा त्या सगळ्या कलमांचा गाभा आहे. कड हाताला खोबणीसारखी अडकवू लागली, तर ती मिलिमीटरभर असली तरी तपासनीसाच्या नजरेत खुपते. हात सहज बाजूला सरकत असेल, तर किरकोळ उंचवट्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. 50 मीटर फ्री पिस्तुलात ही चर्चाच नसे. तिथे हाताला चारी बाजूंनी वेढणारी मूठ आणि फुंकर मारली तरी सुटेल असे वाटणारा हलका चाप, दोन्ही चालत. रिओ 2016 नंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

नियमांची काही वाक्ये कारागिरांच्या कल्पकतेनेच जन्माला घातली आहेत. 1950 च्या दशकात सोव्हिएत कारागिरांनी एमटीएस-3 ‘रेकॉर्ड’ नावाचे जवळजवळ उलटे पिस्तूल बनवले. नळी खाली, बोटांच्या पातळीवर. धक्का हाताच्या सरळ रेषेत मागे येई, त्यामुळे नळीचे तोंड उसळत नसे आणि पुढच्या लक्ष्यावर लगेच नेम धरता येई. तोवर कुठल्याही नियमाने ते अडवले नव्हते. नंतर कलम आले की नळीचा मध्य अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. 25 मीटरसाठीच्या नियमांत हे वाक्य कशासाठी आहे, हा प्रश्न नव्या नेमबाजाला पडतो, त्याचे उत्तर त्या पिस्तुलात आहे.

पुस्तकात ज्याचा उल्लेखच नाही, त्याचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न. आयएसएसएफचे उत्तर कडक आहे. एखाद्या वस्तूने नेमबाजाला इतरांपेक्षा गैरवाजवी फायदा मिळत असेल आणि तिचा नियमांत उल्लेख नसेल, किंवा ती नियमांच्या भावनेविरुद्ध असेल, तर ती बाद. म्हणजे ‘मनाई कुठे लिहिली आहे?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. उलट, मनाई नसताना फायदा का नाही, हे नेमबाजाला पटवावे लागते. वकिली बुद्धीच्या माणसाला हे जाचक वाटते. पण उलट्या पिस्तुलाचा अनुभव घेतलेल्यांनी दुसरे काय लिहावे?

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे आयपीएससीच्या स्पर्धांत, हीच गाठ विभाग पाडून सोडवली आहे. 1976 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरीमधील कोलंबिया इथे स्थापन झालेल्या या संघटनेत ‘ओपन’ विभागात जवळजवळ सगळेच चालते. ‘प्रॉडक्शन’ विभाग मात्र कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलासाठी आहे. पिस्तूल मंजूर यादीत असावे, नळी 127 मिलिमीटरपर्यंत, पहिल्या गोळीला चाप किमान 2.27 किलोचा, नाहीतर प्रत्येक गोळीला किमान 1.36 किलोचा. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या बदलता येतात, पण मूळ पट्ट्यांच्या आकाराशी जुळणाऱ्याच. मुठीवर टेप लावता येते, तीही नियमांतल्या आकृतीत दाखवलेल्या भागापुरती. या विभागाच्या काही आवृत्त्यांत टेपला परवानगी आणि रबरी बाहीला मनाई, असे शेजारी शेजारी छापलेले आहे. दोन्ही घसरण टाळतात, पण बाहीने मुठीचा आकार बदलतो, टेपने बदलत नाही.

‘किरकोळ सफाई’ हा तिथला शब्दप्रयोग विशेष निसरडा आहे. धातूची बारीक खरड काढणे किंवा कारखान्याचाच सुटा भाग बसवताना अपरिहार्य तेवढे घासणे, एवढीच त्याला सूट. मॅगझिन झटकन आत जावे म्हणून मुठीतल्या पोकळीचे तोंड रुंदावले, तर ते कानसीचे काम सारखेच दिसले तरी मनाईत जाते. कानस तीच, फक्त हेतू वेगळा. चुकीची शिक्षाही दोन्हीकडे निराळी. आयपीएससीत विभागाची अट न पाळणाऱ्याला ओपनमध्ये ढकलतात. तो विभाग नसेल तर त्याचे गुण धरतच नाहीत. ओपनमध्ये मात्र कारखान्याचे पिस्तूल घेऊन आलेल्याला नेमासाठी प्रकाशबिंदू दाखवणारे उपकरण लावलेल्यांशी झुंजावे लागते.

आयएसएसएफच्या स्पर्धेत आधी पिस्तूल तपासणीला नेतात. पास झालेल्यावर खूण किंवा स्टिकर लागते आणि त्यानंतर त्यात नियमबाह्य बदल करता येत नाही. शंका असलेली मूठ किंवा जोडणी या तपासणीच्या वेळीच दाखवणे शहाणपणाचे, कारण तिथे नकार मिळाला तरी कानस आणि पॉलिश पेपर हाताशी असतात. तपासनीस आणि नेमबाज यांचे मत जुळले नाही तर विषय ज्यूरीकडे जातो. एका स्पर्धेत पास झालेली मूठ पुढच्या स्पर्धेत पुन्हा बघितली जाते, आणि जुने स्टिकर पुरावा म्हणून पुढे करून भागत नाही.

स्पर्धा संपल्यावरही काही जणांना बोलावून चापाची चाचणी पुन्हा होते. हवा थंड झालेली असो, स्क्रू किंचित ढिला झालेला असो, टेबलावरचे वजन तेच असते. तिन्ही प्रयत्नांत ते उचलले गेले नाही, तर त्या प्रकारातले सगळे गुण जातात, कारण तो नेमबाज अपात्र ठरतो.