आईचे गोत्र, राजाचे नाव

गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, माठरीपुत्र शकसेन ही नावे वाचली की सातवाहनांचे राज्य मातृसत्ताक होते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर ‘होय’ असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण शिलालेख तसे सांगत नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातला लेख आहे. त्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. म्हणजे गादी मुलाकडून त्याच्याच मुलाकडे गेली. मध्य भारतातल्या भारहुत स्तूपाच्या तोरणावरचा लेख तर किती नेमका! गागीपुत विसदेवाचा नातू, गोतिपुत आगरजूचा मुलगा, वाछिपुत धनभूती. वंश सरळ बापाकडून उतरतो आणि तरीही तिन्ही पिढ्यांत प्रत्येकाच्या नावाआधी त्याच्या आईचे गोत्र आहे. हे राजे सातवाहन नव्हेत, हेही महत्त्वाचे. ही चाल एका घराण्यापुरती नव्हती.

मग आईचे गोत्र कशासाठी? राजाला राण्या अनेक, त्यांची माहेरे वेगळी, आणि घराण्यात सातकर्णी हे नाव पुन्हा पुन्हा येणारे. अशा वेळी हा कोणत्या राणीचा मुलगा, हे गोत्राने कळे. यावर एक आक्षेप रास्त आहे: पुढे यज्ञ सातकर्णीही गौतमीपुत्रच होता, मग ओळख पटणार कशी? मातृनाम एकट्याने पुरे पडत नसे, हे खरेच. ते स्वतःच्या नावाला जोडूनच कामाला येई. शिवाय लग्नानंतरही राणी माहेरच्या गोत्राने ओळखली जाई आणि वसिष्ठ-गौतमांसारख्या ऋषिकुळांशी जडलेले नाते राजाच्या नावातून मिरवले जाई. या स्त्रियांना मान होता, याबद्दल शंका नको: नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचे नाव कोरलेले आहे, नाशिकला गौतमीपुत्राच्या 24 व्या राज्यवर्षातली राजाज्ञा बलश्रीच्याही नावे निघाली आहे. पण तो मान राणी आणि राजमाता म्हणून होता. वारसा तिच्याकडून चालत नव्हता.

इतिहासकारांवर या चालीचे मोठे उपकार आहेत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर जेत्याने पुन्हा आपला ठसा मारला होता. त्या ठशात नुसते ‘सातकर्णी’ असते, तर नहपानाचे राज्य कोणत्या सातकर्णीने जिंकले यावर वाद राहिला असता. तिथे ‘गोतमिपुत’ आहे.