निखाऱ्यावरची पुडी : हे ध्यानात ठेवा

• अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये बांधलेली भाजीची पुडी ज्वाळेवर नको. राख धरलेल्या लाल निखाऱ्यांवर ठेवा. ज्वाळेत ती बाहेरून करपते आणि आत बटाटा कच्चाच राहतो.

• फॉइल दुहेरी घ्या, कडा दोनदा दुमडा. भाजी आत कोंडलेल्या वाफेवरच शिजते.

• बटाटा, गाजराच्या पातळ चकत्या तळाशी. कांदा, ढोबळी मिरची, पनीर वर. साधारण २५ मिनिटे पुरतात. मध्ये एकदा पुडी उलटा.

• चिंच, टोमॅटो घालू नका. आंबटाने अ‍ॅल्युमिनियम अन्नात उतरते. लिंबू खाताना पिळा.

• उघडताना तोंड दूर ठेवा, वाफ भाजते.

• अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. शेकोटीत टाकलेली फॉइल जळून नाहीशी होत नाही. घडी करून परत आणा.