जुन्या रंगातील शिसे

घरातील निजायची जुनी खोली रंगवायची ठरली, की तुम्ही मदतीला धावता. खिडक्या खरवडायच्या, झिजलेला गालिचा काढून नवा घालायचा! पण थोडे थांबा. जुन्या रंगात शिसे असू शकते.

रंगात शिसे कशाला? पूर्वीचा सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट. पिवळ्या रंगात शिशाचे क्रोमेट असे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच दाखवून दिले, की मुलांना होणाऱ्या विषबाधेचे मूळ अशा रंगात आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगांत शिशाला बंदी केली. भारतात दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. वाढत्या मेंदूला ते घातक ठरते. शिवाय पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते!

रंग घट्ट बसलेला असेल, तर धोका कमी. कोरड्या पॉलिशपेपरने घासला, की त्याची धूळ उडते. गालिच्यात तर अशी धूळ वर्षानुवर्षे मुरलेली असते. म्हणून गालिचा न झटकता, पाणी शिंपडून गुंडाळावा. रंग ओला करूनच घासावा. जमीन ओल्या फडक्याने पुसल्यावरच नवा गालिचा अंथरावा.

हे काम मोठ्यांचे. तुमचे काम कोणते? नव्या डब्यावरील शिशाचे प्रमाण वाचून पाहणे!