रुग्णालयातील रक्तगत बुरशीसंसर्ग आणि तज्ज्ञसल्ला

लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था १९८३ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झाली. या संस्थेत आणि त्याच शहरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात उत्तर प्रदेशातील दूरदूरच्या जिल्ह्यांतून अत्यवस्थ रुग्ण पाठविले जातात. अशा संस्थांतील प्रगत उपचारांमुळे असंख्य रुग्णांचे प्राण वाचतात. परंतु याच उपचारांबरोबर रक्तात बुरशी शिरण्याचा धोकाही वाढतो.

संसर्ग कसा होतो?

कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या आतड्यात आणि त्वचेवर सहसा निरुपद्रवी असते. प्रतिजैविकांच्या दीर्घ वापराने तिला रोखणारे जीवाणू नष्ट होतात. मोठ्या शिरेत बसविलेली नलिका, पोटाची शस्त्रक्रिया, शिरेवाटे दिले जाणारे पोषण किंवा क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे तिला रक्तप्रवाहाचा मार्ग मोकळा होतो. या अवस्थेस ‘कॅन्डिडेमिया’ म्हणतात.

देशातील २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये झालेल्या अभ्यासात अशा १,४०० रुग्णांची नोंद झाली. दर हजार दाखल रुग्णांमागे हे प्रमाण सुमारे ६.५ होते. त्यांपैकी जवळपास ४५ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले. पाश्चात्त्य देशांत ‘अल्बिकन्स’ ही प्रजाती प्रमुख मानली जाते. भारतात मात्र ‘ट्रॉपिकॅलिस’ आघाडीवर आढळली. जपानमध्ये २००९ मध्ये प्रथम वर्णिलेली ‘कॅन्डिडा ऑरिस’ बहुधा फ्लुकोनाझोल या औषधास दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या आपल्या यादीत तिला सर्वाधिक प्राधान्याच्या गटात ठेवले आहे.

तज्ज्ञाची भूमिका

ताप आणि घसरता रक्तदाब ही लक्षणे जीवाणूसंसर्गासारखीच असतात. रक्ताच्या संवर्धन तपासणीत सुमारे निम्म्या रुग्णांमध्येच बुरशी सापडते आणि अहवालास काही दिवस लागतात. निदान झाल्यावरही केवळ औषध सुरू करणे पुरेसे नसते. प्रजातीनुसार योग्य औषध निवडणे, शक्य असल्यास शिरेतील नलिका काढणे, बुरशी नाहीशी होईपर्यंत रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करणे, डोळ्यांची आणि गरजेनुसार हृदयाच्या झडपांची तपासणी करणे, तसेच रक्त बुरशीमुक्त झाल्यानंतर किमान १४ दिवस उपचार चालू ठेवणे, ही सर्व पावले आवश्यक असतात. यांतील एखादे पाऊल राहून गेल्यास संसर्ग पुन्हा उद्भवू शकतो. ही साखळी अखंड ठेवणे हे संसर्गरोगतज्ज्ञाचे काम होय.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील सुमारे १,७०० रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञसल्ला मिळालेल्या रुग्णांत ९० दिवसांतील मृत्युप्रमाण २९ टक्के, तर तो न मिळालेल्यांत ५१ टक्के होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने संपूर्ण फरकाचे श्रेय सल्ल्यास देता येत नाही. काही रुग्ण सल्ल्यापूर्वीच दगावलेले असू शकतात. तथापि सल्ला मिळालेल्या रुग्णांत आवश्यक तपासण्या आणि नलिका काढण्याचे प्रमाण अधिक होते, ही बाब लक्षणीय आहे.

भारतापुढील आव्हान

भारतात संसर्गरोगतज्ज्ञांची संख्या अल्प असून ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटले आहेत. त्यामुळे अनेक ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ आणि औषधनिर्माणतज्ज्ञ यांनी मिळून ही जबाबदारी पेलणे व्यवहार्य ठरते. लखनौच्या संस्थेने दूरवैद्यक क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. अशा माध्यमातून जिल्हा रुग्णालयांनाही वेळेवर सल्ला मिळू शकतो. मात्र त्यासाठी स्थानिक प्रयोगशाळेत बुरशीची प्रजाती ओळखण्याची सोय असावी लागते. कारण अचूक अहवालाशिवाय दूरचा तज्ज्ञही योग्य मार्गदर्शन करू शकत नाही. सल्ला, प्रयोगशाळा आणि हातांची स्वच्छता या तिन्ही बाबी एकत्र आल्या, तरच हे मृत्यू कमी करता येतील.