माती खाल्लेली गाडी

मिस्त्रींनी टर्बोचं चाक डिझेलमध्ये धुतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाएवढं चाक. नवं असताना त्याची पाती कडेला पातळ आणि धारदार असतात. याच्या पात्यांचे कोपरे झिजून गोल झाले होते. "हिने माती खाल्ली," एवढं बोलून ते पुढच्या गाडीकडे वळले.

गाडी माझ्या मावसभावाची. बोलेरो पिकअप, हप्ते अजून चालू. हंगामात टोमॅटोचे क्रेट आणि उन्हाळ्यात कांदा घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जायची. आधी गाडी ऑइल प्यायला लागली, मग चढावर ओढेना, मग काळा धूर. इंजिन खोललं तर लायनरवर उभे ओरखडे आणि पिस्टनच्या रिंगा घासलेल्या. काही शे रुपयांच्या कागदी फिल्टरने अख्खं इंजिन बसतं, हे मला पटेना. म्हणून इंजिन जोडेपर्यंत मी त्या गॅरेजात आणि शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन बसायला लागलो.

"तासाला दीड लाख लिटर हवा ओढते ही," मिस्त्री म्हणाले. मी फोनवर गुणाकार करून पाहिला. इंजिन अडीच लिटरचं, मिनिटाला दोन हजार फेरे, आणि चार स्ट्रोकचं असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत. मिनिटाला अडीच हजार लिटर, तासाला दीड लाख. टर्बो दाबून भरतो ती हवा याच्या वर. आणि ही हवा काही महामार्गावरची नव्हे. मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या कच्च्या वाटेवर एप्रिल-मे महिन्यात घोट्याएवढा फुफाटा असतो, आणि पुढे दुसरी पिकअप असली की तिच्या मागे काही दिसत नाही. या धुळीत गारगोटीचे कण असतात, लोखंडी लायनर ओरबाडण्याइतके कठीण. डोळ्यांत जाते ती धूळ जाड, ती कुठलाही फिल्टर अडवतो. इंजिनचा घात करते ती पाच ते वीस मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. रिंग आणि लायनरमधल्या ऑइलच्या थराएवढेच हे कण जाड, म्हणून तिथे बरोबर अडकतात आणि घासत राहतात.

दुकानात एकाच गाडीचे चार-पाच फिल्टर मिळतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, त्याच तोडीच्या नामांकित कंपन्यांचे, मग ज्यांचं नाव डब्यावर वाचूनही लक्षात राहत नाही ते 'लोकल'. सगळ्यात वाईट ते ओरिजिनलच्या हुबेहूब डब्यातले डुप्लिकेट. लोकल निदान लोकल म्हणून तरी विकला जातो. महाग आणि स्वस्त यांत दुपटीहून जास्त फरक, आणि ड्रायव्हरचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, कागदच आहे ना शेवटी?"

काउंटरवरचे काका यावर वाद घालत नाहीत. ते दोन्ही डबे उघडतात. अंगठ्याच्या नखाने कागदाच्या घड्यांवरून एक फेरी मारतात. घड्या सारख्या अंतरावर असतील तर आवाज एकसारखा येतो. स्वस्तात दोन-चार घड्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात, म्हणजे तेवढा कागद असून नसल्यासारखा. मग आतली जाळी बघायची. ती नसेल तर पावसाळ्यात ओलसर कागद ओढीने आत बसतो. चांगल्या कागदाला रेझिन पाजून तो भाजून कडक केलेला असतो. शेवटी रबर. गोल फिल्टरच्या टोकाला जी मऊ कडा असते, ती काका दाबतात आणि सोडतात. चांगली लगेच वर येते. एका डब्यातल्या कडेवर दाबाचा खड्डा तसाच राहिला. "हे बघ," काका म्हणाले. "कागद सोन्याचा असला तरी हवा इथून जाणार."

मला पटलेली गोष्ट हीच. गाडीवाले बोलतात कागदाबद्दल, गाड्या मरतात रबराने. कागद फसवा निघाला तर थोडी धूळ आत जाते. कडा बसली नाही तर तासाच्या दीड लाख लिटरमधली काही हवा फिल्टरला वळसा घालूनच जाते.

टक्क्यांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. त्यात ठरावीक प्रतीची धूळ हवेत सोडून किती अडली ते मोजतात. एकाने ९९ टक्के अडवली आणि दुसऱ्याने ९८, तर आपण म्हणतो, एका टक्क्याचा काय तो फरक. पण इंजिनने खाल्लेल्या धुळीचा हिशेब मांडा: शंभर ग्रॅममागे एक ग्रॅम की दोन. सरळ दुप्पट. लोकल डब्यांवर टक्का बहुधा छापलेलाच नसतो. छापलेलं असतं ते 'हाय परफॉर्मन्स'.

त्यावरून आठवलं, हौशी पोरं तेल लावलेल्या कापडी जाळीचे धुऊन वापरायचे फिल्टर विचारत येतात. कॅलिफोर्नियाच्या के अँड एनने १९६९पासून हा प्रकार जगभर नेला, तो मोटरसायकलींच्या जगातून. हवा मोकळी जाते हे खरं. पण टर्बो असलेल्या डिझेलला स्वच्छ कागदी फिल्टरची अडचण फारशी जाणवतच नाही. वाढतो तो बहुतेक आवाज. शिवाय १ एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत हवेच्या नळीत नाजूक सेन्सर असतो, त्यावर जास्तीचं तेल बसलं की तो चुकीचं मोजतो. कांद्याच्या पिकअपला हा दागिना कशाला, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही.

आणि मग 'हवा मारणं'. पंक्चरच्या दुकानात टायर भरायच्याच दाबाने फिल्टरवर झोत सोडायचा, त्याआधी तो दोनदा टायरवर आपटायचा. मावसभाऊ दर आठवड्याला हे करायचा आणि त्याला याचा अभिमान होता. मिस्त्रींनी त्याच्या जुन्या फिल्टरच्या आत बल्ब धरला. घड्यांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. गंमत अशी की, थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो, कारण बसलेला थरच पुढची बारीक धूळ धरतो. आठवड्याला तो थर उडवायचा, कागद फाडायचा, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना थोडी माती स्वच्छ बाजूला सांडायची. गाडीची काळजी घेणारा माणूसच गाडी मारत होता. निष्काळजी माणसाचं इंजिन कदाचित जास्त टिकलं असतं, हे म्हणताना मला बरं वाटत नाही.

मिस्त्रींची परीक्षा मात्र बिनपैशाची. फिल्टरच्या पुढची, टर्बोकडे जाणारी नळी सोडवायची, बोटाला पांढरं फडकं गुंडाळायचं आणि आत फिरवायचं. तेलाचा हलका ओशटपणा चालतो. फडक्यावर चरचरीत माती आली की डबा कुठल्या कंपनीचा हे विचारायचं कारण उरत नाही. मी तिथे असताना येणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या नळीत ते बोट जात होतं, गाडी ब्रेकसाठी आलेली असली तरी.

एके दुपारी विशीतला एक मुलगा गाडी घेऊन आला, आत नामांकित कंपनीचा, मधल्या किमतीचा फिल्टर. रबर मऊ, घड्या सारख्या. फडकं तरी लाल झालं. दोष फिल्टरचा नव्हताच, नळीचा क्लॅम्प सैल होता आणि तिथे नळीला भेग गेली होती. नळी बदलली, क्लॅम्प आवळला, फिल्टर परत बसवला. झाकणावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून मिस्त्रींनी बजावलं, पुढचा फिल्टर बसवायची वेळ येईपर्यंत हे उघडायचं नाही.

"मधे एकदा हवा मारली तर, मिस्त्री?"

"मार की. मग इंजिन खोलायलाच ये."

मुलगा हसला. पण पैसे देताना त्याने मार्कर मागून घेतला आणि पुसट उमटलेला आकडा पुन्हा ठळक केला.