अर्धवट राहिलेलें दुपंखी विमान

आमच्या घरीं कपाटाच्या माथ्यावर एक पुठ्ठ्याची पेटी पंचवीसांहून अधिक वर्षें पडून होती. १९९९ सालच्या दिवाळींत ती माझ्या मुलाला भेट मिळाली होती. टायगर मॉथ नांवाच्या ब्रिटिश दुपंखी विमानाची प्लॅस्टिकची लहान प्रतिकृति सुट्या भागांच्या रूपानें तींत होती. मुलानें ती अर्धी जोडली. पुढें सहामाही परीक्षेंत त्याला गणितांत गुण कमी पडले. मी पेशानें शिक्षक. तेव्हां शिक्षक जें करतो तेंच मीं केलें. पेटी उचलून कपाटावर ठेविली आणि "वार्षिक परीक्षा झाली कीं देईन," असें सांगितलें. परीक्षा झाली, गुणहि बरे पडले. पण पेटी त्यानें मागितली नाहीं आणि मींहि काढून दिली नाहीं. अलीकडे भिंतींना रंग देण्यासाठीं कपाट हलविलें तेव्हां ती खालीं आली. निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते, म्हणून तें विमान मींच पुरें करावयास घेतलें. त्या कामांत जें उमगलें, तें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

पेटीवर १/७२ असें प्रमाण छापलेलें होतें. आंकडा प्रथम विचित्र वाटतो. पण ७२ इंच म्हणजे सहा फूट. अर्थात् खऱ्या विमानाच्या सहा फुटांस येथें एक इंच. टायगर मॉथच्या पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, म्हणून प्रतिकृतींत तो पांच इंचांहून किंचित् कमी भरतो. हें विमान १९३१ सालीं प्रथम उडालें. अशीं आठ हजारांहून अधिक विमानें तयार झालीं, आणि नवशिक्या वैमानिकांना शिकविण्याकरितां तीं ब्रिटनमध्यें तशींच भारतांतील उड्डाणक्लबांत व हवाई दलांतहि वापरलीं गेलीं. पुढच्या आसनावर शिक्षक आणि मागच्या आसनावर शिष्य बसे. आमच्या वर्गांत नेमकें उलट असतें; मागें बसणाऱ्याच्या हातीं आम्हीं कांहींच सोंपवीत नाहीं.

विमानाला दोन पंख एकावर एक कां लागत, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. लांकूड आणि कापड यांचा एकच लांब पंख केला तर तो लवतो. पण वर एक, खालीं एक असे दोन पंख उभ्या खांबांनीं सांधून त्यांच्यामध्यें तिरप्या तारा ताणल्या, कीं वजनाला हलका असूनहि तो सांगाडा पुलासारखा ताठ होतो. पुलासारखा हा शब्द मी अलंकार म्हणून योजीत नाहीं. ऑक्टेव्ह शॅन्यूट हे रेल्वेचे पूल बांधणारे अमेरिकन अभियंते होते. त्यांनीं १८९६ सालीं पुलाच्या कमानींतील तिरप्या ताणांची रचना दुपंखी ग्लायडरला लाविली, आणि १९०३ सालीं उडालेल्या राइट बंधूंच्या विमानांतहि तीच रचना होती. तारांचें काम दोन प्रकारचें असतें. विमान उडत असतां हवा पंखांना वर उचलते. त्या वेळीं धडाच्या तळापासून बाहेर व वर जाणाऱ्या तारा ताण सोसतात. जमिनीवर उभें असतां पंख आपल्याच भारानें खालीं येऊं पाहतात. तेव्हां वरून बाहेर व खालीं उतरणाऱ्या तारा त्यांना धरून ठेवतात. चौकोन दाबला कीं कलंडतो, त्रिकोण कलंडत नाहीं, हा भूमितीचा पाठ मीं फळ्यावर कितीदां शिकविला असेल. पण तो घरच्याच पेटींत पडला आहे, हें मला दिसलें नाहीं.

पेटी उघडली. धड, शेपटी, चाकें व खालचा पंख जोडलेला होता, वरचा पंख मात्र सुटा. त्याच्या खालच्या बाजूस, जेथें खांब बसावयाचे तेथें, सिमेंटचे वाळलेले ओघळ एकावर एक तीन थरांचे होते. म्हणजे मुलानें निदान तीनदां तरी प्रयत्न केला होता. "बाबा, वरचा पंख राहतच नाहीं," असें तो त्या काळीं म्हणाल्याचें मला आठवलें. मीं ती सबब समजलों होतों.

आतां स्वतः बसविण्याचा यत्न केला तेव्हां अडचण कळली. खांब आठ: चार मधले, धडावरून निघणारे, आणि दोन्ही टोकांकडे दोन दोन. आठहि एकाच वेळीं आपापल्या खांचेंत उभे राहिले पाहिजेत, आणि माणसाला हात दोन. प्लॅस्टिकचें सिमेंट हा खरोखर डिंक नव्हे. तें दोन्ही पृष्ठें विरघळवून एकजीव करतें, आणि वाळेपर्यंत सांधा मऊच असतो. एक खांब सरळ करावा तों दुसरा निजतो. त्यांतून टायगर मॉथचा वरचा पंख सरळहि नाहीं. पेट्रोलची टांकी वरच्या पंखाच्या मध्यभागीं असते. ती पुढील आसनाच्या नेमकी डोक्यावर आल्यास छत्रीनिशीं उडी टाकणें कठीण, म्हणून तो मधला भाग पुढें सरकविला. आणि तोल बिघडूं नये म्हणून पंखांचीं टोकें मागें झुकविलीं. हा तिरपेपणा नुसत्या नजरेनें साधत नाहीं. बहुतेक अर्धवट दुपंखी प्रतिकृति याच पायरीवर थांबतात, असा आतां माझा तर्क आहे.

उपाय सोपा आहे, फक्त तो पेटींतील सूचनापत्रांत नव्हता. जाड पुठ्ठ्याचे दोन उभे तुकडे घ्यावे. आराखड्यावरून मोजून प्रत्येकाला दोन खांचा कापाव्या, एक खालच्या पंखाची, एक वरच्याची. वरची खांच जरूर तेवढी पुढें. या साच्यांत विमान ठेवलें कीं वरचा पंख खांबांवांचूनच अधांतरीं आपल्या जागीं राहतो. मग एकेक खांब चिमट्यानें सरकवावा, लांब वाटल्यास काचकागदावर घासावा, आणि सिमेंटचा एकच थेंब सुईच्या टोकानें द्यावा. मीं चार दिवसांत आठ खांब लाविले. पंखाला बांक आला असल्यास साच्यांत घालण्यापूर्वीं तो कढत पाण्यांत बुडवून हलक्या हातानें सरळ करावा. पाणी उकळतें मात्र नको.

रंग पंख जोडण्यापूर्वींच द्यावा, कारण नंतर ब्रश आंत जात नाहीं. आणि पिवळ्या रंगाखालीं आधीं पांढरा हात दिला नाहीं तर तो मळकट दिसतो. विमानावरील खुणांचीं चित्रें पाण्यांत भिजवून लावावयाचीं असतात. जुन्या कागदावर तीं पिवळीं पडतात व भिजतांच तुकडे होतात. कागद कांहीं दिवस खिडकीच्या कांचेला लावून उन्हांत ठेवला तर पिवळेपणा उतरतो, आणि भिजविण्यापूर्वीं पारदर्शक वार्निशाचा एक हात दिला तर चित्र फुटत नाहीं.

तारा सर्वांत शेवटीं. ज्या चौकटीला भाग जोडून आलेले असतात, तिचाच एक तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ करावा व दोन्ही हातांनीं ओढावा; केसाएवढा बारीक धागा निघतो. तो मापानें कापून लावला तरी थोडा ढिला राहतो. मग विझल्यासारखी धुमसणारी उदबत्ती त्याच्या जवळून, स्पर्श न करतां, न्यावी. धागा आंखडून ताठ होतो. हें काम मी देवपूजा झाल्यावर, त्याच उदबत्तीनें करीत असें. घरांतून त्यावर मत व्यक्त झालें. तें येथें सांगत नाहीं.

खालच्या पंखाच्या तळाशीं सिमेंटमध्यें अंगठ्याचा एक ठसा उमटलेला होता. काचकागदानें तो दोन मिनिटांत गेला असता. मीं तो तसाच ठेवून त्यावर रंग दिला.

मुलगा परगांवीं असतो. छायाचित्र पाठविलें त्या रात्रीं त्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "वरचा पंख राहिला कसा?" मीं साच्याची हकीकत सांगितली, त्यानें खांचांचीं मापें विचारून घेतलीं. पुढच्या महिन्यांत तो येणार आहे. तोंवर साचा फेकूं नका, असें त्यानें बजावलें आहे.